पाय जमिनीला टेकत नाहीत? आधी माप घ्या

मोटरसायकलवरून पडून हाड मोडले म्हटले की गाडी भरधाव असणार, असे आपण धरून चालतो. पण आम्हा अस्थिरोगतज्ज्ञांकडे गाडी जवळजवळ उभी असताना पडलेलेही बरेच येतात. सिग्नलला किंवा उतारावर थांबताना पाय टेकवायला जावे, तेथे नेमका खळगा निघावा आणि सुमारे १४० किलोची गाडी अंगावर कलावी, असा हा प्रकार. हात टेकून पडल्यास मनगट मोडते, पाय खाली सापडल्यास घोटा जातो, पोटरी तापलेल्या सायलेन्सरवर भाजते. कलती गाडी एका पायावर तोलताना गुडघा पिळला गेला, तर आतील अस्थिबंधही तुटू शकतो.

बेताच्या उंचीच्या तरुण-तरुणींना हा धोका जास्त. म्हणून ‘डॉक्टर, स्पोर्ट्स गाडी खाली करून घेतली तर चालेल का?’ असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. चालेल, पण क्रमाने आणि बेताने.

प्रथम माप. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन मांड्यांमध्ये वरपर्यंत धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. ही तुमच्या पायांची खरी लांबी. एकूण उंची सारखी असलेल्या दोघांची ही लांबी वेगळी असू शकते. आता गाडीकडे पाहू. स्प्लेंडर प्लसची सीट जमिनीपासून ७८५ मिलिमीटरवर, तर यामाहा आर-१५ च्या चौथ्या आवृत्तीची ८१५ मिलिमीटरवर आहे. फरक फक्त ३ सेंटिमीटरचा. मात्र सीट पुढे रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय आणखी अपुरे पडतात. म्हणून कागदावरच्या आकड्यावर न जाता गाडीवर बसूनच पाहावे.

दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत असे नाही. दोन्ही चवडे नीट टेकत असतील, किंवा किंचित सरकून डावे पाऊल पूर्ण टेकत असेल, तर पुरे. उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवून डावा टेकण्याची सवय करावी. नुसती बोटांची टोके टेकत असतील, तर मात्र उपाय हवा.

सोपे उपाय आधी. चप्पल सोडा, जाड तळाचा, घोटा झाकणारा बूट घाला. त्याने एक-दोन सेंटिमीटर मिळतात आणि घोट्यालाही संरक्षण मिळते. पुढे मागच्या शॉकअपचा ताण तपासून घ्या. हलक्या चालकाला तो बऱ्याचदा जास्त असतो. थोडा सैल केला की गाडी वजनाने जरा खाली बसते आणि पाठीला हादरेही कमी लागतात. तिसरा उपाय सीटचा. फोम पुढच्या बाजूने दोन्हीकडून निमुळता करून घ्यावा. वरून फार कापू नये, नाहीतर माकडहाड खालच्या कठीण तळावर आपटते. शिवाय सीट खाली आली तरी पाय ठेवायचे फूटरेस्ट तेथेच राहतात, त्यामुळे गुडघा अधिक दुमडतो. गुडघेदुखी असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

गाडी खाली करताना. एवढ्यानेही भागले नाही, तरच शॉकअपला हात लावावा. आर-१५ सारख्या गाड्यांत मागच्या मोनोशॉकला लिंकेज असते. त्याच्या पट्ट्या बदलून मागची बाजू खाली आणता येते. पण फक्त मागची बाजू उतरवली तर हँडल जड होते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. म्हणून पुढचे फोर्कही पकडीतून वर सरकवून त्याच बेताने उतरवावे लागतात. ते किती सरकवता येतील याला मर्यादा आहे. त्यापलीकडे गेल्यास जोराचा ब्रेक मारताच चाक वरच्या भागांना घासू शकते.

गाडी उतरवली की साइड स्टँड लांब पडतो. गाडी सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला की उजवीकडे कोसळते. स्टँड त्या मापाने आखूड करून घ्या, चेनचा ताणही पुन्हा लावून घ्या. गाडीचे पोट गतिरोधकाला लागेल आणि वळणावर फूटरेस्ट लवकर घासतील, हेही गृहीत धरा. म्हणून दोन-अडीच सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नये, असे मी सांगतो.

एक गोष्ट कधीही करू नका, ती म्हणजे स्प्रिंग कापणे. कापलेली स्प्रिंग उलट कडक होते आणि शॉकअपची हालचाल कमी होते. मग प्रत्येक खड्डा थेट कमरेच्या मणक्यांना बसतो.

हे काम अनुभवी मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी न जुळणारा फेरबदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे. त्यामुळे आधी विक्रेत्याकडे, विमा कंपनीकडे आणि आरटीओत विचारणा करावी. नंतर मोकळ्या मैदानात थांबण्याचा, पुन्हा निघण्याचा आणि वळण्याचा सराव करूनच रहदारीत उतरावे.

आणि नवी गाडी अजून घ्यायचीच असेल, तर सर्वांत स्वस्त उपाय दुकानातच आहे. रंग आणि वेग नंतर पाहा. बूट घालून जा, गाडीवर बसा, चवडे टेकतात का ते आधी बघा.