भाकरी, आमटी आणि कट

सकस आहार म्हणजे खर्चिक आहार, ही समजूत बरोबर नव्हे. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते. गिरणीच्या पांढऱ्या तांदळात ते १ मिलिग्रॅमही नसते. तथापि तृणधान्यांच्या प्रथिनांत लायसीन हा घटक कमी असतो. डाळींत तो भरपूर असल्यामुळे भाकरीबरोबर रोज वाटीभर आमटी किंवा उसळ असावी. वर लिंबू पिळल्यास धान्यातील लोह शरीरास अधिक लाभते. बाजरीचे पीठ लवकर कडवट होते. म्हणून ते थोडे थोडेच दळावे.

सणाच्या पुरणपोळीतही हीच काटकसर आहे. हरभऱ्याची डाळ वेळून निघालेला कट सुगरण फेकीत नाही. त्याची आमटी करते. डाळीचा पाण्यात उतरलेला कस अशा रीतीने पानात परत येतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पुष्कळ घरांत रांधणारी शेवटी जेवते व तिच्या वाट्यास आमटीचे केवळ पाणी उरते. ग्रामसेवकांनी पाककृतीबरोबर हेही सांगावे, की डाळीची एक घट्ट वाटी तिच्यासाठी आधीच बाजूस काढून ठेवावी.