व्हीपीएनचा बोगदा आणि कुलपातली फट

कोंढव्यात, कॅम्पात आज अशी बरीच घरे आहेत, जिथली मुले-मुली हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांचे काम घरी बसून करतात. लॅपटॉप उघडला की आधी व्हीपीएन सुरू होते. अम्मीने विचारले तर उत्तर ठरलेले: "हा बोगदा आहे. आतून काय जातं ते बाहेर कुणाला दिसत नाही." उत्तर खरे आहे, पण अर्धे. बोगद्याच्या दाराला कुलूप कुणाचे, हेही आपण विचारायला हवे.

बहुतेक व्हीपीएन हे कुलूप स्वतः घडवत नाहीत. माहिती कुलूपबंद करणारी तयार लायब्ररी वापरतात. ओपनएसएसएल ही त्यातली फार प्रचलित लायब्ररी. तिच्यातली 'हार्टब्लीड' नावाची चूक ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाली.

चूक साधी होती. दोन संगणक अधूनमधून एकमेकांना "जागा आहेस ना?" असे विचारतात. एक जण शब्द पाठवतो, त्याची लांबी सांगतो. दुसरा तोच शब्द परत करतो. ओपनएसएसएल ही लांबी पडताळतच नव्हते. एक अक्षर पाठवून "चौसष्ट हजार परत दे" म्हटले, की मेमरीत शेजारी पडलेले पासवर्ड, कधी गुप्त किल्लीसुद्धा, बाहेर येई. मार्च २०१२ पासून दोन वर्षे ही फट उघडी होती.

मग व्हीपीएनला धोका होता का? सगळ्यांना नव्हता. ओपनएसएसएलच्या १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्यांवर चालणारे ओपनव्हीपीएन सापडले. आयपीसेक पद्धतीचे वाचले, कारण त्यांचे कुलूपच वेगळे. मँडियंट या सुरक्षा कंपनीने त्याच महिन्यात एक घटना सांगितली. चूक जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी एका संस्थेच्या व्हीपीएनवर हल्ला झाला होता. आधीच लॉगिन झालेल्यांची चालू जोडणीच चोरांनी बळकावली. पासवर्ड आणि त्यानंतरची दुसरी पडताळणी, दोन्ही बाजूला राहिले.

म्हणून अशा वेळी क्रम महत्त्वाचा. आधी दुरुस्त आवृत्ती, मग नव्या किल्ल्या आणि प्रमाणपत्रे, शेवटी नवा पासवर्ड. फट बुजण्याआधी पासवर्ड बदलला, तर नवाही तिथूनच जाणार.

सर्व्हरची दुरुस्ती कंपनीचे काम. आपले काम छोटे आहे. अपडेटची सूचना आली की "नंतर" म्हणू नये. वर्षभर अपडेट न आलेले फुकट व्हीपीएन मोबाइलमधून काढून टाकावे. आणि "व्हीपीएन आहे, काळजी नको" असे कुणी म्हणाले, तर विचारावे: शेवटचे अपडेट कधी केले?