ढाल-तलवारीचे मूकपट आणि संग्राहकांचे भ्रम

युद्धकलेचा चित्रपट म्हटला की ब्रूस लीचे नाव घ्यावे आणि 1973 सालच्या ‘एंटर द ड्रॅगन’पासून या प्रकाराची जंत्री सुरू करावी, हा समज कुपवाडच्या रसिकास तरी शोभत नाही, कारण तेथून पन्नासेक किलोमीटरांवरील कोल्हापुरात, त्या चित्रपटाच्या अर्धशतक आधी, 1923 साली, महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या बाबूराव पेंटरांनी हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरून ‘सिंहगड’ हा मूकपट काढला, त्यात कृत्रिम प्रकाशाच्या साहाय्याने चित्रण केले, आणि शेलारमामाची भूमिका पुढे व्ही. शांताराम म्हणून विख्यात झालेल्या तरुणाकडे सोपवली. चीनमध्ये युद्धकलेच्या चित्रपटांची लाट उसळवणारा ‘बर्निंग ऑफ द रेड लोटस टेंपल’देखील 1928 चा, म्हणजे पाच वर्षांनी धाकटा.

‘सिंहगड’ची एखादी प्रत कोणा इनामदाराच्या वाड्यात पडून असेल, ही आशाही फार लोकांस बाळगावीशी वाटते, पण तीही फोल आहे. भारतात निघालेल्या सुमारे 1,300 मूकपटांपैकी तीससुद्धा आज शिल्लक नाहीत. नायट्रेटची फीत स्वभावतःच ज्वालाग्राही, उष्णतेत चिकट होऊन विरघळणारी, आणि बोलपट आल्यावर मूकपटाची किंमत उरली ती फितीतील चांदीपुरती. पेंटरांचे ‘मुरळीवाला’ आणि ‘सती सावित्री’ थोडेबहुत वाचले. तलवारींचा खणखणाट नुसता पाहण्याचे भाग्य मात्र आपल्या वाट्यास आले नाही.

चित्रपटच नाही म्हटल्यावर संग्राहकाचा सारा जीव कागदावर, म्हणजे भित्तिपत्रके आणि जाहिरातपत्रकांवर जडतो, आणि फसवणूकही तेथेच होते. जीर्ण, पिवळा कागद हा प्राचीनत्वाचा दाखला नव्हे. चहाच्या पाण्यानेही कागद पिवळा होतो. भिंगाखाली रंगांचे ठिपके एकसारख्या रांगांत दिसले, तर ती प्रत ऑफसेट यंत्रावरची समजावी. त्या काळच्या शिळाछापाचा पोत रवाळ आणि अनियमित असतो. विक्रेत्याने मालकीचा दस्तऐवज पुढे केला तरी ही पारख चुकवू नये.

फितीचे रीळच कोणी विकावयास आणले, तर प्रथम तिची रुंदी मोजावी: 16 मिलीमीटरची फीत आरंभापासूनच सुरक्षित द्रव्यावर निघत आली असल्याने, ती कंपनीची मूळ नायट्रेट प्रत असल्याचा दावा तत्क्षणी निकालात निघतो. 35 मिलीमीटरची फीत खरोखरच नायट्रेटची निघाली, तर ती माळ्यावर न ठेवता पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयास कळवावे. ती पेटल्यास पाण्याखालीही विझत नाही.