तंतूची आयात : गाठ की पेळू?

इचलकरंजीत मागवाल्याला पॉलिएस्टर म्हणजे पॉलिएस्टर. कस्टमवाल्यांचे तसे नाही. परदेशातून तंतू मागवणाऱ्या व्यापारी बंधूंनी इन्व्हॉइसवर नुसते 'फायबर' लिहून घेऊ नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

आखूड कृत्रिम तंतू टॅरिफच्या ५५ व्या प्रकरणात येतात. पॉलिएस्टर, ॲक्रिलिकचा माल न पिंजलेला, गाठीत असेल तर हेडिंग ५५०३. पिंजून, विंचरून पेळू केलेला असेल तर ५५०६. व्हिस्कोजसाठी अनुक्रमे ५५०४ आणि ५५०७. रंगवलेला माल म्हणजे 'प्रक्रिया केलेला', असा पुष्कळांचा गैरसमज आहे. येथे प्रक्रिया म्हणजे सूतकताईची तयारी. नुसत्या रंगाने हेडिंग बदलत नाही. तंतूची लांबी मात्र जरूर पाहावी. कमीजास्त लांबीचा टाकाऊ माल ५५०५ मध्ये जातो, मग विकणारा त्याला काहीही म्हणो.

बिल ऑफ एन्ट्री एजंट भरतो, पण जबाब मालकाला द्यावा लागतो. २०११ पासून आयातदारानेच शुल्क ठरवून भरायचे आहे. वर्णन चुकीचे निघाल्यास कस्टम्स कायदा १९६२, कलम १११ खाली माल जप्त होऊ शकतो. कलम ११२ चा दंड वेगळा. न्हावाशेवाला कंटेनर अडला की भाडे रोज चढते. म्हणून माल जहाजावर चढण्याआधीच नमुना मागवून सूतगिरणीतल्या जाणकाराला दाखवावा. तरीही शंका राहिली, तर आगाऊ निर्णयासाठी अर्ज करता येतो. त्याचे प्राधिकरण २०२१ पासून मुंबईतच आहे.