मेंढीमागे, मग हेक्टरमागे

आयर्लंडमधल्या मेंढपाळ शेतकऱ्याचे घर बऱ्याच वेळा मेंढ्यांवर चालत नाही, सरकारी अनुदानावर चालते. चॅगस्क ही तिथली कृषी संशोधन संस्था दरवर्षी शेती-उत्पन्नाची पाहणी करते. गोमांस आणि मेंढीपालनाच्या शेतांवर अनुदान हे निव्वळ उत्पन्नाच्या शंभर टक्क्यांहूनही जास्त असल्याचे त्या पाहणीत अनेकदा दिसले आहे. म्हणजे जनावरे विकून खर्चही निघाला नाही, आणि ती तूट अनुदानाने भरून काढली.

डब्लिनच्या नैऋत्येचे टॅला हे तसे शेतीसाठी ओळखले जाणारे गाव नव्हे. १९६०च्या दशकापर्यंतचे हे खेडे आज मोठ्या शहराएवढे झाले आहे. लुआस ट्रामचा लाल मार्ग तिथे संपतो. पण वस्ती ओलांडली की बोहरनाब्रीना आणि ग्लेनास्मोलची दरी लागते. किप्युर डोंगरावर उगम पावणारी डॉडर नदी या दरीतून वाहते आणि दोन्ही बाजूंच्या उतारांवर मेंढ्या चरतात. इथल्या डोंगरी शेतांना लागू होणारे नियम पश्चिमेकडच्या मेयोतल्या किंवा गॉलवेतल्या शेतांना लागणारेच आहेत, कारण पैसा युरोपीय संघाच्या सामाईक कृषी धोरणातून येतो.

१९७३ साली आयर्लंड युरोपीय समुदायात गेला तेव्हा आधार मिळे तो मालाच्या भावाला. १९८०पासून मेंढीमागे रक्कम मिळू लागली. मग व्हायचे तेच झाले. कळप वाढले, पश्चिमेकडच्या डोंगरांवरची झुडपे खाऊन संपली आणि खालची पीट माती उघडी पडली. पुढे सरकारलाच कळप कमी करायला लावावे लागले. १९९२ साली युरोपीय समुदायाचे कृषी आयुक्त रे मॅकशॅरी (हे स्वतः आयरिशच) यांनी भावाचा आधार कमी करून त्याची भरपाई थेट रकमेने केली. २००३च्या सुधारणेने जनावर आणि पैसा यांची गाठ सोडवली. २००५पासूनची हेक्टरी रक्कम मात्र २००० ते २००२ या तीन वर्षांतल्या जुन्या नोंदींवर बेतली गेली. त्या तीन वर्षांत ज्याचा कळप मोठा होता, त्याचे पुढे बरीच वर्षे भागले. ज्याने तेव्हा हात आखडता घेतला होता त्याचे नुकसान झाले. याला न्याय म्हणणे कठीण आहे.

२०२३पासूनच्या योजनेत हा फरक कमी होतो आहे. २०२६पर्यंत प्रत्येकाचा हेक्टरी दर राष्ट्रीय सरासरीच्या किमान ८५ टक्क्यांपर्यंत आणायचा आहे. पहिल्या ३० हेक्टरांना जादा रक्कम मिळते, म्हणजे लहान खातेदाराला थोडा हात. पर्यावरणपूरक कामांसाठी वेगळा हप्ता आहे, आणि मूळ रकमेला वर्षाला ६६ हजार युरोंची कमाल मर्यादा. तरीही ज्याची जमीन जास्त त्याचा धनादेश मोठा, हे सूत्र कायम आहे. आपल्याकडच्या पीएम-किसानमध्ये एक एकरवाल्यालाही आणि दहा एकरवाल्यालाही वर्षाला तेच ६,००० रुपये मिळतात. तिथे तसे नाही.

अर्ज वसंतात ऑनलाइन भरतात. पैशाचा मोठा भाग ऑक्टोबरात जमा होतो, उरलेला डिसेंबरात. अर्जात प्रत्येक तुकड्याचा नकाशा द्यावा लागतो आणि उपग्रहाच्या चित्रांवरून तो तपासला जातो. डोंगरावर बरीच जमीन सामाईक असते. एकाच कुरणात अनेकांचे हिस्से, आणि रक्कमही हिश्शाप्रमाणे. त्यातही अडचण वणव्याची. १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात रान जाळायला कायद्याने बंदी आहे, आणि त्या काळात जळलेले क्षेत्र अनुदानाला अपात्र ठरते. शहराला लागून असलेल्या डोंगरावर ही आग शेतकऱ्यानेच लावली असेल असे नाही. सहलीला आलेल्यांची शेकोटी पुरते, पण हेक्टर कमी होतात ते खातेदाराच्या अर्जातून.

कोणाला किती मिळाले हे गुपित नसते. कृषी खाते दरवर्षी लाभार्थ्यांची यादी रकमेसह जाहीर करते. नावे झाकली जातात ती सव्वा हजार युरोंपर्यंतच्या लहान रकमा घेणाऱ्यांचीच.