‘या वयात कशाला ऑपरेशन?’

महिला मंडळाच्या कामामुळे दवाखान्यात कुणाकुणाला भेटायला जाणं होतं. घरातली आजी पडली, मांडीचं हाड मोडलं, की एक वाक्य हमखास कानावर येतं, “या वयात कशाला चिरफाड? पडून राहू दे, जुळेल हळूहळू.” त्यात माया असते, तशी खर्चाची धास्तीही.

पण मैत्रिणींनो, हे पडून राहणंच महागात पडतं. पूर्वी पायाला वजन बांधून दोन-तीन महिने झोपवून ठेवत. तरुण माणूस ते कसंबसं सोसतो. म्हातारपणी मात्र पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. आमच्या ओळखीतल्या एक आजी अशाच दोन महिने खाटेवर होत्या. हाड जुळायच्या आतच त्या गेल्या. दुसऱ्या आजींचं ७८व्या वर्षी ऑपरेशन झालं. आज वॉकर घेऊन त्या देवळात जातात.

कोणतं ऑपरेशन, हे हाड कुठे मोडलं त्यावर ठरतं. मांडीच्या मधोमध मोडलं तर हाडाच्या पोकळीतून लांब सळई घालतात. जर्मन सर्जन क्युंचर यांनी १९३९ मध्ये ही पद्धत सुरू केली. गुडघ्याजवळ मोडलं तर बहुधा पट्टी आणि स्क्रू. खुब्याच्या जरा खाली मोडलं तर खिळा किंवा पट्टी-स्क्रू. खुब्याच्या मानेशी मोडून हाड सरकलं, तर वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. म्हणून तरुणांत स्क्रूने जोडून बघतात, वयस्करांचा बहुतेक वेळा गोळाच बदलतात.

ऑपरेशनला धोका नाही असं नाही. बीपी, शुगर, हृदय तपासूनच डॉक्टर ठरवतात. पण तब्येत साथ देत असेल तर खुब्याचं ऑपरेशन एक-दोन दिवसांत झालेलं बरं. त्यानंतर बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी उठवून बसवतात.

तेव्हा चोळायला, ओढायला कुणाकडे नेऊ नका. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: हाड नेमकं कुठे मोडलंय, काय बसवणार आणि पायावर भार कधी द्यायचा? खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते आरोग्यमित्राकडे विचारून घ्या.

आणि हो, पाळी गेल्यावर आपलीही हाडं ठिसूळ होऊ लागतात. न्हाणीघरात धरायला दांडी आणि रात्री एक छोटा दिवा, एवढं तर या आठवड्यात करून टाकूया!