गादीतला चुंबक आणि कॉइलमधला चुंबक

आरटीएमएसचा, म्हणजे डोक्यावर कॉइल धरून मेंदूला चुंबकीय पल्स देण्याच्या उपचाराचा, उपयोग नैराश्याच्या किती रुग्णांना होतो, याचे आकडे या आठवड्यात द्यायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण खारघरहून आलेलं एक पत्र जास्त तातडीचं आहे. पत्रलेखकांच्या आईंना नैराश्याच्या गोळ्या चालू होत्या. हॉलमध्ये भरलेल्या एका विक्री-मेळाव्यातून घरात चुंबकाची गादी आली, तीही हप्त्यांवर. विकणाऱ्याने सांगितलं की मोठ्या हॉस्पिटलांत हल्ली डोक्याला चुंबक लावून डिप्रेशन बरं करतात, ही गादी तेच काम रात्रभर करते. आईंनी गोळ्या सोडल्या. मुलगा विचारतो, ‘तुम्ही इतके आठवडे चुंबकाबद्दलच लिहिताय, मग गादीत वाईट काय?’

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर सरळ आहे. गादीतला चुंबक स्थिर असतो. मेंदूच्या पेशींना स्थिर चुंबकाने जाग येत नाही, मग तो कितीही जवळ ठेवा. पेशी हलतात त्या विजेने, आणि शरीराच्या आत वीज निर्माण व्हायची तर चुंबकीय क्षेत्र बदलायला हवं, तेही झपाट्याने. मायकेल फॅरडेने 1831 मध्ये दाखवलेला हा नियम दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे.

स्थिर चुंबकाची परीक्षा फार पूर्वी झाली आहे. एडिसनच्या प्रयोगशाळेत पीटरसन आणि केनेली या दोघांनी त्या काळातले अतिशय बलवान विद्युतचुंबक घेऊन माणसांवर आणि एका कुत्र्यावर प्रयोग केले. 1892 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला : काहीही परिणाम नाही. चारच वर्षांनी पॅरिसमध्ये दार्सोनवाल याने मोठ्या कॉइलमधून सतत दिशा बदलणारा प्रवाह सोडला. त्यात डोकं घातलेल्या माणसाला डोळ्यांपुढे प्रकाशाचे ठिपके लखलखताना दिसले. तिथे क्षेत्र क्षणाक्षणाला उलटत होतं, आणि म्हणूनच काहीतरी घडलं.

आजचं उदाहरण हवं असेल तर एमआरआय घ्या. त्या यंत्राचा मुख्य चुंबक दीड किंवा तीन टेस्लांचा असतो. कंबरेच्या किंवा गुडघ्याच्या दुखण्यासाठी हजारो माणसं त्यात अर्धा-अर्धा तास पडून येतात. त्याने कुणाचं नैराश्य गेल्याचं ऐकिवात नाही. गादीतल्या चकत्यांची ताकद यापुढे नगण्य, आणि काही सेंटीमीटर दूर गेलं की तीही झपाट्याने उतरते.

बदलत्या चुंबकीय क्षेत्राची एक गोष्ट आपल्या शेजारची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आपल्या नवीन पनवेलला आहे. संस्थेची मुळं मात्र मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत. तिथे 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत असत. मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा या कामावर संकट आलं. ट्राम सुटली, थांबली की रुळांतला आणि जमिनीतला प्रवाह कमीजास्त होणार, त्यासोबत भोवतालचं चुंबकीय क्षेत्र हलणार आणि वेधशाळेच्या नाजूक सुया पृथ्वीऐवजी ट्रामची नोंद करू लागणार. नानाभाई मूस तेव्हा वेधशाळेचे संचालक होते. 1904 मध्ये नवं ठाणं अलिबागला उभं राहिलं. काही काळ दोन्ही ठिकाणी एकदम नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी आणि नवी मालिका जुळवता यावी. विजेची ट्राम मुंबईत 1907 मध्ये धावली. अलिबागची वेधशाळा आजही काम करते. भविष्यातल्या एका अडथळ्याचा विचार करून आधीच जागा बदलणारी ही माणसं मला फार मोठी वाटतात.

अलिबागला पृथ्वीचं क्षेत्र भरतं 40 हजार नॅनोटेस्लांच्या थोडं वर. आरटीएमएसच्या कॉइलमधून सुटणारा पल्स साधारण दीड टेस्लाचा, म्हणजे त्याच्या तीस हजार पटींहून जास्त. पण नुसत्या ताकदीत तो एमआरआयच्याच पंगतीतला. त्याचं वेगळेपण वेळेत आहे. कॉइलमधून हजारो अँपिअरचा प्रवाह जातो आणि एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत चढून उतरतोही. ही कॉइल आठाच्या इंग्रजी आकड्यासारखी असते. आठाचे दोन गोल जिथे भेटतात, त्याच्या खाली कवटीच्या आत दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत परिणाम पोचतो. प्रत्येक पल्सला ‘टक्’ असा कोरडा आवाज होतो, त्यासाठी रुग्णाच्या कानात बोळे घालतात. नेहमीच्या पद्धतीत चार सेकंदांत असे 40 पल्स, मग 26 सेकंद शांतता, पुन्हा 40. एकूण 3000 पल्स, साडेसदतीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे.

मागच्या लेखात आपण अंगठा पाहिला. डोक्याच्या डाव्या बाजूला ठरावीक जागी पल्स दिला की उजव्या हाताचा अंगठा, रुग्णाने न हलवता, उडतो. अंगठ्याचं हे उडणं म्हणजे मेंदूत खरोखर वीज पोचल्याचा डोळ्यांदेखतचा पुरावा, आणि त्यावरूनच प्रत्येकाचा डोस ठरतो. गादीवर रात्रभर झोपून कुणाचा अंगठा उडत नाही.

अंगठा उडतो म्हणून नैराश्य जातं, असं मात्र सिद्ध होत नाही. त्यासाठी खोटी कॉइल लागते : दिसायला तशीच, आवाजही टक्, पण मेंदूपर्यंत काही पोचू न देणारी. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 301 रुग्णांच्या चाचणीत अर्ध्यांना खरी आणि अर्ध्यांना खोटी कॉइल लावली होती. मुख्य मोजमापात खऱ्या कॉइलचं यश थोडक्यात हुकलं, इतर मोजमापांत ते दिसलं. त्यावर वाद झाले, ऑक्टोबर 2008 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचाराला परवानगी दिली आणि पुढे आणखी चाचण्या झाल्या. ही सगळी झाडाझडती पुढच्या आठवड्यात. अशा परीक्षेला बसून चुंबकाच्या गादीने नैराश्य हटवल्याचा भक्कम पुरावा मी आजवर पाहिलेला नाही.

आता खारघरच्या पत्रलेखकांना. गादीच्या पैशांचं नंतर बघा, आधी गोळ्यांचं बघा. नैराश्याच्या गोळ्या अचानक सोडल्या की चक्कर, झोपेचा बिघाड, चिडचिड सुरू होऊ शकते आणि गेलेलं नैराश्य परतू शकतं. आईंना याच आठवड्यात त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या आणि गोळ्या कधी सोडल्या ते न लपवता सांगा. स्वतःच्या मनाने पुन्हा सुरूही करू नका. घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर ती गादी आजच त्यांच्यापासून दूर करा, कारण जवळ आलेल्या चुंबकाने पेसमेकरचं काम बदलू शकतं. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत आई फार खचल्यासारख्या वाटल्या, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलल्या, तर त्यांना एकटं सोडू नका आणि टेलिमानसला 14416 वर फोन लावा. ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.